जोराच्या वाऱ्यात आयएलसीए ७ चं एमके-२ शीड

आयएलसीए ७ म्हणजे पूर्वीची लेझर स्टँडर्ड, एकट्याने चालवायची शर्यतीची शिडाची बोट. तिचं एमके-२, म्हणजे सुधारित आवृत्तीचं, शीड २०१६ मध्ये आलं. क्षेत्रफळ जुन्याइतकंच, ७.०६ चौरस मीटर. पण कापड जाड, कोपरे भक्कम आणि कापणी बाय-रेडियल (कापडाचे पट्टे दोन कोपऱ्यांतून पंख्यासारखे पसरलेले). जुनं शीड मागच्या कडेला लवकर सैल पडायचं, पोट (शिडाचा फुगवटा) मागे सरकायचं. हे शीड ताण बराच जास्त काळ सोसतं, आणि १८-२० नॉट, म्हणजे ताशी ३३-३७ किमीच्या वाऱ्याविरुद्ध चढताना ते जाणवतं. मात्र दोऱ्या नीट लावल्या तरच.

आधी व्हँग, म्हणजे बूमला (शिडाखालच्या आडव्या दांड्याला) खाली ओढणारी दोरी. मेनशीट (शीड आत-बाहेर करायची दोरी) ओढून तिचे दोन्ही ब्लॉक (कप्प्या) भिडवा, व्हँगची ढिली दोरी गोळा करा. वारा वाढेल तशी आणखी ओढा. झोत आल्यावर मेनशीट सोडली की बूम बाजूला गेला पाहिजे, वर उचलता कामा नये. तो उचलला तर डोलकाठी सरळ होते, शीड फुगतं आणि नको त्या क्षणी बोट जास्त कलते.

व्हँगने डोलकाठी वाकली की शीडावर तिरप्या सुरकुत्या पडतात. मग कनिंगहॅम, म्हणजे शिडाची पुढची कड खाली खेचणारी दोरी, ओढा, अगदी त्या कडेतलं छिद्र बूमपर्यंत उतरेस्तोवर. फुगवटा पुढे येतो, मागची कड वरच्या भागात उघडते आणि जादा वारा निसटतो. बहुतेक जण इथेच हात आखडता घेतात.

आउटहॉल (शिडाची खालची कड ताणणारी दोरी) सपाट पाण्यात घट्ट, लाटांत जरा सैल: बूम आणि शीड यांच्यात मूठभर अंतर राहू द्या. लाटेवर आपटून गेलेला वेग परत मिळवायला खालचा फुगवटाच कामी येतो. मुंबई बंदराच्या तोंडाशी दुपारचा वारा आणि ओहोटी आमनेसामने आली की लाटा आखूड आणि उभ्या होतात. तिथे तर हे हवंच. ट्रॅव्हलर (बोटीच्या मागे मेनशीटचा खालचा ब्लॉक जिच्यावर सरकतो ती आडवी दोरी) मात्र कायम ताठ, टिलर (सुकाणूचा दांडा) घासला तरी चालेल.

वरच्या खुणेला (शर्यतीच्या मार्गाच्या वाऱ्याकडच्या टोकाला) वळण्याआधी व्हँग सोडायला विसरू नका, नाहीतर बूमचं टोक पाण्यात रुततं आणि बोट उलटते.

किंमत जड आहे, पण शर्यतीला वर्गाची (या बोटींच्या संघटनेची) मान्यता असलेलंच शीड चालतं. तुमचं वजन ७० किलोच्या आत असेल तर अशा वाऱ्यात त्याच बोटीच्या लहान प्रकाराचं, आयएलसीए ६ चं ५.७६ चौरस मीटरचं शीड बरं. वापरानंतर गोड्या पाण्याने धुवा, घडी न घालता गुंडाळा. किनाऱ्यावर फडफडत ठेवू नका, डोलकाठीसकट उतरवा. कापड सगळ्यात जास्त त्या फडफडीनेच मरतं.