गुडघ्याच्या ‘आयुर्वेदिक’ पुड्या घेणाऱ्यांनी वाचा

घरात कुणी वयस्कर माणूस गुडघेदुखीसाठी बिननावाच्या पुड्या घेत असेल तर हे वाचा, आणि वाचून लगेच त्या पुड्या कचऱ्यात टाकू नका, का ते पुढे सांगते.

आई-बाबा तासगावला, मी पुण्यात. आई 71 वर्षांची, शुगर, बीपी, दोन्ही गुडघे झिजलेले, म्हणजे मेटफॉर्मिन, टेल्मिसार्टन आणि फारच ठणकलं तर पॅरासिटामॉल, असा नेहमीचा डबा. गावात एका मंगल कार्यालयात मोफत गुडघेदुखी शिबिर लागलं, ज्येष्ठांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पत्रक फिरलं, ‘ऑपरेशन टाळा, मधुमेह मुळापासून घालवा’ वगैरे, आणि शेजारच्या काकूंबरोबर आईपण गेली. पांढरा कोट घातलेला माणूस, सगळ्यांना आई-बाबा म्हणणारा, तळहातावर कसलंसं मशीन टेकवून लॅपटॉपवर लाल-हिरव्या रेघा दाखवायचा आणि सांगायचा की हाडात वात साठलाय. तपासणी फुकट, पुड्या महिन्याच्या 3,500, तेही रोख. बिल मागितलं तर म्हणे, शिबिराचं बिल नसतं आई, सेवा आहे ही. साडेतीन हजाराची सेवा!

आणि फरक पडला हो. चार दिवसांत आई जिना चढायला लागली, भूक वाढली, फोनवर आवाज एकदम टवटवीत. आपल्याला वाटतं फसवणूक म्हणजे खडूची पावडर विकली असणार, पण इथं उलटं असतं, पुडी लागू पडते कारण आत स्टिरॉइड कुटून घातलेलं असतं. प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, स्वस्तातल्या गोळ्या, चिठ्ठीशिवाय विकायच्या नसतात, सूज आणि दुखणं झटक्यात दाबतात. गुडघा आहे तसाच झिजलेला राहतो.

दिवाळीला गेले तर आईचा चेहरा गोल गरगरीत, हातावर नुसतं कुठं टेकलं तरी जांभळे डाग, आणि उपाशीपोटीची शुगर, जी 130 च्या आसपास असायची, ती 260. त्या माणसाला फोन लावला तर म्हणाला उष्णता बाहेर पडतीय, चांगलं लक्षण आहे, इंग्रजी गोळ्या निम्म्या करा. मी भांडले, पण आई कशाला ऐकते, “तुला काय कळतंय, माझे पाय चालायलेत ना?” तिच्या जागी मी असते तर मीपण हेच म्हणले असते, इतक्या वर्षांनी देवळापर्यंत चालत गेली होती ती.

मग त्याचा फोनच बंद झाला आणि पुड्या संपल्या. आठवड्याच्या आत आई अंथरुणाला खिळली, उलट्या, अंगात त्राण नाही, बोलताना नावं चुकायला लागली. मिरजेला ॲडमिट केलं तेव्हा बीपी 84/50, सोडियम 122 (135 च्या वर हवं). फिजिशियननी तिचा चेहरा आणि हातावरचे डाग बघून पहिला प्रश्न विचारला, “आजी, कुठली पावडर खाता?” सकाळी आठचं कॉर्टिसोल (शरीर स्वतः बनवतं ते स्टिरॉइड) तपासलं, जेमतेम 1.4 आलं, म्हणजे फारच कमी. बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिलं की किडनीच्या वरच्या ग्रंथी स्वतःचं काम थांबवतात, आणि पुडी अचानक बंद झाली की शरीराकडे काहीच उरत नाही, जिवावर बेतू शकतं. हायड्रोकॉर्टिसोनची (हेही स्टिरॉइडच, पण डॉक्टरांनी मोजून दिलेलं) इंजेक्शनं, मग गोळ्या, त्या आता हळूहळू कमी करत आणायच्या, काही महिने तरी जाणार.

म्हणून म्हणते, पुडी घरच्या घरी बंद करू नका. ती पुडी हातात घेऊन एमडी फिजिशियनकडे जा, किती दिवस घेताय ते न लाजता सांगा, शुगर, सोडियम आणि सकाळचं कॉर्टिसोल करायचं का ते विचारा. काकूंना आम्ही असंच नेलं, त्यांना ॲडमिट व्हायची वेळ आली नाही.

काकूंकडे उरलेली पुडी आणि पत्रक घेऊन सांगलीला अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार दिली. मधुमेह घालवतो अशी जाहिरात करणं हाच 1954 च्या मॅजिक रेमेडीज कायद्यानं गुन्हा आहे, पण पुडीवर ना नाव, ना बॅच नंबर, ना लायसन्स, बिल तर नाहीच, मग धरायचं कुणाला? खऱ्या आयुर्वेदिक औषधावर हे सगळं छापलेलं असतं, उत्पादकाचा पत्ता आणि घटकसुद्धा. आमच्या गावातले वैद्य तर आमच्यापेक्षा जास्त चिडलेत, बदनामी त्यांची होते.

आता तेच पत्रक, तेच फोटो, फक्त नंबर नवा, विट्याच्या ग्रुपवर आलंय. रविवारी शिबिर आहे म्हणे, तिकडं कुणाचे आई-वडील असतील तर आजच फोन करा.