‘सीमाभागातील कलाकारांना खास संधी’? आधी हे वाचा

बेळगाव-खानापूर-निपाणीच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर ‘सीमाभागातील मराठी कलाकारांना मालिकेत सुवर्णसंधी’ असं पोस्टर आलं तर कुणाला पुढे पाठवू नका. माझ्या धाकट्या बहिणीला यातूनच २८ हजारांना गंडवलं. ती नुकतीच बी.ए. झालेली, कॉलेजच्या एकांकिकांत गाजलेली. आणि आमच्या सात पिढ्यांत या धंद्यात ओळखीचं कुणी नाही. भामट्यांना नेमकं असंच गिऱ्हाईक हवं असतं. त्यात ‘सीमाभाग’ म्हटलं की आपली छाती फुगते, हेही त्यांना पक्कं ठाऊक.

ऑडिशन टिळकवाडीतल्या एका लॉजच्या हॉलमध्ये. रिंगलाईट, ट्रायपॉडवर मोठा कॅमेरा, टेबलावर मालिकेच्या नावाची फाईल. थाट सगळा झकास. पण डोक्यावर पंखा घरघरत होता आणि माईक कुठंच नव्हता. खरंच काही टिपायचं असेल तर माणूस आधी पंखा बंद करायला लावतो हो! खऱ्या ऑडिशनला नाव, वय, उंची सांगायची, डावी-उजवी बाजू कॅमेऱ्याला दाखवायची, मग संवाद. इथं तिनं दोन वाक्यं म्हटली आणि लगेच, “मॅडम, लूक परफेक्ट!”

पैशाचं नाव त्या दिवशी कुणी काढलं नाही. मग आर्टिस्ट कार्ड, मग पोर्टफोलिओ, मग कराराची ‘परत मिळणारी अनामत’. रक्कम दरवेळी अशी, की घरी विचारावं लागू नये. क्यूआर कोड स्कॅन केला की कंपनीऐवजी भलत्याच माणसाचं नाव. का, तर “ते आमचे अकाउंटंट.” शूटिंग कोल्हापूरच्या चित्रनगरीत आहे म्हटल्यावर आईचा जीव भांड्यात पडला, मुंबई लांब, कोल्हापूर म्हणजे दोन-अडीच तास. शेवटी मी मोरेवाडीला, त्या चित्रनगरीतच जाऊन चौकशी केली. त्या नावाची मालिका तिथं कुणाला ठाऊकच नव्हती.

या धंद्यात कामासाठी पैसे कलाकाराला मिळतात, त्याच्याकडून घेत नाहीत. कलाकारांना काम मिळवून देणारा को-ऑर्डिनेटरसुद्धा आपलं कमिशन मानधनातून कापतो. टीव्हीवर केलेल्या कामाचे पैसे हातात यायलाच ९०-९० दिवस लागतात अशी कलाकारांची ओरड असते; तिथं नवख्याची अनामत परत करायला कोण बसलंय?

तक्रारीचं दुखणं आपल्याकडे वेगळंच. इथले पोलीस म्हणाले, माणसं महाराष्ट्रातली, तिकडे जा. तिकडचे म्हणाले, पैसे बेळगावातून गेले, तिकडेच नोंदवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, ठाण्यात नोंदवता येतो. झिरो एफआयआर म्हणतात तो हाच. कलमाचा आकडा कागदावर लिहून नेला तेव्हा कुठे टेबलापलीकडचा सूर बदलला.

पण ठाण्याच्याही आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन करा, त्याच तासाला. आमचा शेवटचा हप्ता त्यामुळेच खात्यात अडवला गेला; आधीचे गेले ते गेले. यूटीआर नंबर, म्हणजे प्रत्येक व्यवहाराचा बँकेचा क्रमांक, जवळ ठेवा, तो लागतोच. आणि चॅटचे स्क्रीनशॉट पहिल्या दिवसापासून काढत चला. ती मंडळी त्यांच्या बाजूनं मेसेज पुसतात, आमचे निम्मे तसेच गेले.