रिमोटवाला जुना कलर टीव्ही घेताय? आधी मागचं झाकण उघडा

सरकत्या दाराचा लाकडी कॅबिनेट, ५१ सेंटिमीटरची ट्यूब, सोबत ‘ओरिजिनल’ रिमोट. सांगितलेलं साल १९८४, किंमत २२ हजार. व्यवहार परभणीतल्या एका घरी झाला. सेट चालू होता, चित्र झकास होतं, रिमोटने चॅनल बदलत होते. दहा मिनिटांत पैसे दिले गेले. दोन महिन्यांनी लाल रंग विटायला लागला म्हणून सेट उघडला, तर आत जुनं म्हणावं असं कॅबिनेट आणि काच एवढंच. मूळ चासी, म्हणजे आतला सर्किटचा बोर्ड, काढून टाकलेली; तिच्या जागी वीतभर चायना किट, म्हणजे कुठल्याही टीव्हीत बसणारा तयार चिनी बोर्ड. रिमोटचं कवच जुनं, आत किटच्या रिमोटची प्लेट गरम गोंदाने चिकटवलेली. बावीसपैकी नऊच बटणं खाली टेकत होती. घेताना दाबून पाहिली गेली ती त्या नवांतलीच.

संभाजीनगर, जालना, नांदेड, लातूर, कुठेही हा माल समोर येऊ शकतो, म्हणून हे सविस्तर लिहीत आहोत.

किट बसवणं हा मुळात गुन्हा नाही. जुन्या चासीचा एखादा आयसी किंवा ईएचटी (ट्यूबला हाय व्होल्टेज देणारा ट्रान्सफॉर्मर) मिळेनासा झाला की मेकॅनिक गिऱ्हाइकाचा टीव्ही चालू राहावा म्हणून किट टाकून द्यायचे. हजारो घरांतले सेट असेच जगले. फसवणूक होते ती तोच सेट ‘हातही न लागलेला’ म्हणून शौकिनाच्या गळ्यात मारला जातो तेव्हा.

आपल्याकडे रंगीत प्रक्षेपण सुरू झालं १५ ऑगस्ट १९८२ ला, त्याच वर्षीच्या दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या तोंडावर. सुरुवातीच्या बहुतेक सेटवर ८ किंवा १२ प्रीसेट बटणं (एकेका चॅनलला आधीच लावून ठेवलेली) असायची आणि रिमोट महागड्या मॉडेललाच मिळायचा. त्यामुळे खरा रिमोट आणि त्याचाच सेट ही जोडी दुर्मीळ, आणि भाव वाढतो तो या जोडीचाच. कॅबिनेट मात्र गावोगाव पडून आहेत. पैठण रोडवर चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना होता, म्हणून त्या नावाची पट्टी मराठवाड्यात कुणाला नवी वाटत नाही. पट्टी ओळखीची दिसली की माणूस आत डोकवायचं विसरतो.

सेट बघायला जाताना आधी फोन करून सांगा की तो किमान दोन तास बंद ठेवा. पोचल्यावर पहिलं काम म्हणजे मागच्या जाळीवर हात ठेवून बघणं. कोमट लागली तर ट्यूब आधीच तापवून ठेवली आहे असं समजा. थकलेली ट्यूब थंड असताना चित्र आणायला अर्धा-एक मिनिट घेते, चेहरे चंदेरी दिसतात, पांढऱ्या भागाच्या कडा पसरतात. तापल्यावर हे बरंचसं झाकलं जातं. काही जण याहून पुढे जातात. ईएचटीच्या फेराइट कोअरवर वायरचा एक जादा वेढा देतात, नाहीतर फिलामेंटच्या, म्हणजे ट्यूब तापवणाऱ्या तारेच्या, लाइनमधला रेझिस्टर काढून टाकतात. ६.३ व्होल्टच्या फिलामेंटला जास्त व्होल्टेज मिळतं, चित्र काही आठवडे उजळतं आणि मग एखाद्या रंगाची गन (ट्यूबच्या मानेत इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) कायमची बसते. वर सांगितलेल्या सेटच्या कोअरवर तांबड्या वायरचा असा वेढा सापडला. लाल विटला तो याच कारणाने.

मग ॲन्टेनाची वायर काढा. त्या काळातल्या सेटवर मुंग्या येतात आणि स्पीकरमधून खरखर ऐकू येते. पडदा शांत निळा झाला तर ते किट आहे. रिमोटचं बटण दाबल्यावर पडद्यावर ब्राइटनेस-कॉन्ट्रास्टचा इंग्रजी मेनू उमटला किंवा चॅनल नंबर १०० च्या पुढे गेला तरी तेच. ऐंशीच्या दशकातल्या रिमोटच्या सेटमध्ये चॅनल नंबर सहसा पुढच्या पट्टीवरच्या लाल एलईडी आकड्यांत दिसतो. हे आकडे बंद असतील आणि ‘तेवढा डिस्प्ले गेलाय’ असं उत्तर आलं, तर ते खरं मानू नका. किटला तो डिस्प्ले जोडलेलाच नसतो.

विकणारा सेट-टॉप बॉक्स लावून दाखवत असेल तर लाल-पांढरी-पिवळी वायर कुठे जाते ते वाकून पाहा. १९८५-८६ च्या बहुतेक सेटला एव्ही सॉकेट नव्हतं. मागच्या झाकणाला ड्रिलने भोक पाडून सॉकेट बसवलेलं असेल तर भोकाच्या कडा बोटाला खरबरीत लागतात. तुमच्याजवळ आरएफ मॉड्युलेटर (बॉक्सचं चित्र ॲन्टेनाच्या सिग्नलमध्ये बदलणारी डबी) ठेवा आणि चित्र ॲन्टेनाच्या तोंडातूनच द्या. ट्यूनर जिवंत आहे की नाही ते तिथल्या तिथे कळेल.

झाकण काढायचं ते प्लग उपसल्यावर, आणि काढल्यावर हात मागे. ट्यूबच्या ॲनोडवर, म्हणजे रबरी टोपीची जाड वायर लागते तिथे, २५ हजार व्होल्टच्या आसपास चार्ज असतो आणि सेट बंद केल्यावरही तो बराच वेळ टिकू शकतो. एसएमपीएसच्या (पॉवर सप्लायच्या) मोठ्या कॅपॅसिटरवर ३०० व्होल्ट राहतात. नुसतं बॅटरीच्या उजेडात बघायचं. बघण्यासारखी पहिली गोष्ट म्हणजे धूळ. आपल्याकडची बारीक काळी धूळ ॲनोड कॅपभोवती आणि ट्यूबच्या मानेवर थराने बसते, कारण तिथला हाय व्होल्टेज तिला ओढून घेतो. न उघडलेल्या सेटमध्ये हाच थर बोर्डावर, वायरींवर, स्पीकरच्या मागेही सलग दिसतो, मध्ये पालीची वाळकी अंडी नाहीतर उंदराने ओढलेला कागद. काचेवर तीस वर्षांची धूळ आणि बोर्ड मात्र चकचकीत असेल तर बोर्ड नंतर आला आहे. मूळ चासी मोठी, तपकिरी, अनेक आयसींची असते. किट म्हणजे छोटी प्लेट आणि मधोमध ६४ पायांचा एकच मोठा आयसी. ट्यूबवरचं लेबल खरवडलेलं असेल किंवा मानेच्या काचेवर जोडाचा वळ दिसत असेल तर ट्यूबही मूळची नाही, गन बदललेली आहे.

आता रिमोट. मोबाइलचा पुढचा कॅमेरा सुरू करून रिमोटचं तोंड त्याच्याकडे धरा आणि एकेक बटण दाबा. इन्फ्रारेड असेल तर पडद्यावर जांभळट ठिणगी दिसते. ती प्रत्येक बटणाला दिसली पाहिजे, आणि प्रत्येक बटणावर जे छापलंय तेच सेटने केलं पाहिजे. सेल काढून स्प्रिंग बघा, जुन्या स्प्रिंगला बहुधा थोडा तरी गंज असतो. उघडू दिला तर अजून चांगलं. जुन्या रिमोटच्या प्लेटवर सहसा सरळ पायांचा आयसी आणि शेजारी रेझोनेटर असतो. काळ्या डांबरासारख्या थेंबाखाली दडलेली चिप दिसली तर प्लेट बहुधा अलीकडची.

‘अल्ट्रासॉनिक रिमोट’ म्हणून परदेशी सेट विकायला आला तर आणखी सावध राहा. अमेरिकेत झेनिथने १९५६ मध्ये रॉबर्ट ॲडलरने बनवलेला स्पेस कमांड आणला. त्यात सेल नसतो. बटण दाबलं की छोटी हातोडी ॲल्युमिनियमच्या कांडीवर आपटते आणि कानाला न ऐकू येणारा, ४० किलोहर्ट्झच्या आसपासचा आवाज निघतो. पुढचे काही अल्ट्रासॉनिक रिमोट सेलवर चालायचे, पण कॅमेऱ्यात ठिणगी कशाचीच दिसणार नाही. ठिणगी दिसली तर तो अल्ट्रासॉनिक नाही, एवढं पुरे. उलट खऱ्या सेटसमोर किल्ल्यांचा जुडगा जोरात वाजवला तर कधीकधी चॅनल आपोआप बदलतं. आणि अमेरिकन सेट १२० व्होल्टचा, ५२५ रेषांचा, एनटीएससी या तिकडच्या रंगीत पद्धतीचा. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावून तो पेटेल, पण आपलं ६२५ रेषांचं, पाल पद्धतीचं चित्र नीट दाखवणार नाही. तो इथल्या केबलवर स्वच्छ रंगीत चालताना दाखवला जात असेल तर आत काय आहे ते सांगायला नको.

लाल पाऱ्याबद्दल एवढंच: जुन्या टीव्हीत ‘रेड मर्क्युरी’ असतो आणि त्याला लाखो मिळतात, ही शुद्ध थाप आहे. पिक्चर ट्यूबमध्ये शिशाची काच आणि फॉस्फर असतो, पारा नाही. ‘तपासणी फी’ मागणाऱ्याला रुपयाही देऊ नका.

बदली झालेला फौजी म्हणून फोटो पाठवणारा आणि टोकन मागणारा दिसला की बोलणं थांबवा. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही. पैसे गेलेच तर तासाभराच्या आत १९३० ला फोन लावा. समोरासमोरच्या व्यवहारात कागदावर ‘मूळ चासी, मूळ ट्यूब, मूळ रिमोट’ असं लिहून सही घ्या. जो सही टाळतो, त्याने उत्तर दिलंच आहे.

आमच्या मते झगमगत चालणाऱ्या सेटपेक्षा माळ्यावर पोत्याखाली पडलेला, स्क्रूंवर गंज चढलेला बंद सेट चांगला. त्याचे दोन-तीन हजार खुशाल द्या. घरी आणल्यावर थेट प्लगला लावू नका. धूळ ब्रशने काढा, दोन दिवस कोरड्या जागी ठेवा आणि २०० वॅटच्या तारेच्या बल्बच्या सिरीजमधून, म्हणजे सेटची वीज बल्बमधून जाईल असं जोडून, सुरू करा. पहिले काही सेकंद बल्ब उजळेल, तो करंट डिगॉसिंग कॉइलचा, म्हणजे ट्यूबचं चुंबकत्व घालवणाऱ्या कॉइलचा. मग तो मंद झाला पाहिजे. तसाच लख्ख पेटून राहिला तर प्लग काढा, कॅपॅसिटर रेझिस्टर लावून रिकामा करा आणि सगळ्यात आधी हॉरिझॉन्टलचा (ईएचटी चालवणारा) ट्रान्झिस्टर बीयू २०८ शॉर्ट आहे का ते मीटरवर बघा.