जाड चामड्याची मशीन म्हणून माझ्या गळ्यात जे मारलं ते

पोळ्याच्या आधी बैलांच्या घुंगरू-पट्ट्यांची ऑर्डर होती, 30 नग. म्हशीचं 4 एमएमचं चामडं, डबल केलं की 8. आतापर्यंत आरी अन् दोन सुयांनी हातानेच शिवत आलो, पण एका पट्ट्याला अर्धा दिवस जाते म्हणून यंदा मशीन घ्यायचं ठरवलं. नागपुरात इतवारीकडच्या एका सेकंडहँडवाल्याने 'कंपाउंड फीड आहे भाऊ, खोगीर पण शिवते' म्हणून 35 हजारात दिली.

डेमो त्याने फोम लावलेल्या रेक्झिनवर दाखवला. दिसायला जाड, पण फूट, म्हणजे वरून दाबणारा पाय, खाली आला की दबून दोन एमएम राहते ते. माझा तुकडा पिशवीतच होता, काढला तर म्हणे सुई बदलावी लागते, उद्या पोरगा घरी येऊन सेटिंग करून देईल. तिथेच थांबायला पाहिजे होतं.

पोरगा आलाच नाही. मीच बसलो तर पाच-सहा टाके पडले, मग टाके सुटायला लागले, खालून दोऱ्याचे नुसते गुंते, वरचा थर मागे राहून टोकाला बोटभर फरक, अन् खालच्या बाजूला फीडच्या, म्हणजे माल पुढे सरकवणाऱ्या, दात्यांचे ओरखडे असे उमटले की तो पट्टा गिऱ्हाईकाला दाखवायची लाज वाटावी. 18 नंबरची सुई वाकून प्लेटवर आदळली अन् नेढ्यातच तुटली. फोन केला तर म्हणे चामडंच खराब आहे, नंतर उचललाच नाही.

कामठीच्या मेकॅनिकने उघडून पाह्यलं तर ती साधी जीन्स शिवायची मशीन, नवा रंग मारलेला, जुन्या पाटीच्या रिव्हेटची भोकं रंगाखाली दिसून राहिली होती, वरून वॉकिंग फूटचा, म्हणजे वरचा थर सरकवणाऱ्या पायाचा, जोड बसवलेला. खऱ्या कंपाउंड फीडमध्ये सुई, फूट अन् दाते तिघंही सोबत सरकतात. म्हणून चाक हाताने हळूहळू फिरवा, सुई चामड्यात असताना मागे सरकते का ते पाहा, नुसती वरखाली होत असेल तर सरळ निघून या. एवढ्या जाडीला 23 ते 25 नंबरची सुई लागते, ती घालून आपल्याच चामड्यावर, आपल्याच दोऱ्याने हातभर शिवून मागा. मोटर पण पाहा, माझ्याला जुनी क्लच होती, पाय ठेवला की पळते, जाड कामाला हळू चालवता येणारी सर्वो मोटर पाहिजे.

बिल म्हणून त्याने चिठ्ठी दिली, तिच्यावर 'माल पाहून घेतला' एवढंच. तरी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला ग्राहक कायदा लागत नाही असं तो दुकानदार सांगून राहिला होता, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वतः चालवायला घेतली असेल तर 2019 च्या कायद्यात घेणाऱ्याला ग्राहकच धरतात.

19 पट्टे हाताने शिवून दिले, 11 जणांचा ॲडव्हान्स परत केला. त्यातले काटोलचे एक काका दरवर्षी माझ्याकडूनच न्यायचे, यंदा त्यांच्या जोडीला जुनेच पट्टे होते.