१५ वॅटचा आय५, उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंत वापरून

उन्हाळ्यात घेतलेला लॅपटॉप दिवाळी झाली तरी रोज रगडतोय, त्यामुळं आता लिहायला हरकत नाही. प्रोसेसर इंटेल आय५ १२३५यू, बॅटरी ४२ वॅट-अवर, रॅम ८ जीबी होती ती पहिल्याच महिन्यात १६ केली (हे आधी करा, प्रोसेसरचं नंतर बघू, क्रोमचे वीस टॅब आणि टॅली सोबत उघडलं की ८ मध्ये गुदमरतो). काम जीएसटीचं, म्हणजे निम्मा दिवस दुसऱ्यांच्या ऑफिसात, कधी शिरोली एमआयडीसीत, कधी मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर, आणि तिथं प्लग एकच, त्यात प्रिंटर आणि शेठजींचा मोबाईल. म्हणून बॅटरी महत्त्वाची.

घेताना दुकानदाराचं एकच पालुपद, ४.४ गिगाहर्ट्झ, लई फास्ट. गंमत अशी की मित्रानं त्याच सुमारास आय५ १२४५०एच वाला घेतला, त्याचाही टर्बो (जड कामाला प्रोसेसर थोडा वेळ गाठतो तो वरचा स्पीड) ४.४ च! पण माझा प्रोसेसर मुळात १५ वॅटचा आणि त्याचा ४५ चा, टर्बोत माझा ५५ पर्यंत जाऊ शकतो, त्याचा ९५. पैलवानाचा खुराक उंचीवरनं ठरत नाही, मेहनत किती करतो त्यावर ठरतो, तसंच हे. गिगाहर्ट्झ बघून काही कळत नाही भावांनो, नंबरच्या शेवटचं अक्षर बघा, यू (कमी वीज खाणारा) का एच (जास्त खाणारा, ताकदीचा).

स्पीड वाढवायला व्होल्टेजपण वाढवावं लागतं आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशोबानं खाल्ली जाते, म्हणजे वरचा शेवटचा अर्धा गिगाहर्ट्झ सगळ्यात महाग पडतो. टॅलीत एंट्र्या मारताना, पोर्टल बघताना अख्खा लॅपटॉप ७ वॅटच्या आसपास खातो, ४२ भागिले ७, सहा तास. पण २० तारखेच्या आधी ३बी (जीएसटीचं महिन्याचं रिटर्न) भरायची घाई असते तेव्हा २बी ची (पोर्टलवर दिसणाऱ्या खरेदीच्या क्रेडिटची) शीट आणि खरेदी रजिस्टर जुळवायला एक्सेलमध्ये हजारो ओळींचं व्हीलुकअप (एका यादीतलं दुसऱ्या यादीत शोधायचा फॉर्म्युला) लावलं, की फॅन सुरू, टास्क मॅनेजरमध्ये स्पीड १ वरनं थेट ४ च्या वर, आणि बॅटरीचा टक्का डोळ्यांदेखत उतरतो. २१ वॅट धरले तर दोनच तास.

मग सगळे सांगतात तो उपाय केला, पॉवर ऑप्शनमध्ये मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट ९९ टक्के. टर्बो बंद! फॅन गप्प, बॅटरी टिकली, पण या प्रोसेसरच्या मोठ्या कोरचा मूळ स्पीड १.३ च आहे हो, एक्सेल उघडायलाच रेंगाळायला लागलं, फिल्टर लावला की गोल फिरत बसतंय. शिवाय छोट्या कामाला टर्बो पटकन काम उरकून परत झोपतो, तिथं तो बंद करून फारसं काही वाचत नाही, वाचतं ते सतत चालणाऱ्या जड कामात. आता ९९ काढून टाकलंय, बॅटरीवर असताना विंडोजचा पॉवर मोड बेस्ट पॉवर एफिशियन्सीवर ठेवतो, टर्बो असतो पण जरा आवरून धरतो, रोजच्या कामात फरक जाणवत नाही. आणि ब्राईटनेस निम्म्यावर, हलक्या कामात प्रोसेसरपेक्षा स्क्रीनच जास्त खाते याकडं कुणाचं लक्षच नसतं.

मित्राचं म्हणाल तर तो लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, रेंडरला (एडिट झालेला व्हिडिओ तयार करून काढायला) त्याचा माझ्या कितीतरी पुढं जातो, नाद नाही, पण तो टेबलावरनं हलत नाही आणि चार्जर कायम लावलेला. तसलं काम असेल तर एचच घ्या, यू घेऊन रडत बसू नका.

बाकी स्क्रीन उन्हात अजिबात दिसत नाही, कॅमेरा भंगार, कीबोर्डला नंबरपॅड आहे म्हणून सगळं माफ.