पहिली शॉटगन: आठ महिने आणि बाराशे काडतुसांनंतर

डिसेंबरात बंदूक घरी आली, आता ऑगस्ट संपत आलाय. एवढ्यात ट्रॅपचे, म्हणजे हवेत सुटणाऱ्या चकत्या (क्ले) फोडायच्या खेळाचे, ३१ राउंड झाले. राउंड २५ क्लेंचा असतो, पण ट्रॅपमध्ये एका क्लेला दोन बार टाकायची मुभा असते आणि नवशिक्याचा पहिला बार बहुतेक वेळा वाया जातो. त्यामुळे राउंडला चाळीसेक काडतुसं लागतात, म्हणजे हिशेब बाराशेच्या घरात गेला. पहिल्या राउंडला ७ क्ले फुटले होते, सध्या १६-१७ फुटतात. हे अंतर कापताना माझ्यात जेवढा बदल झाला, तेवढाच बंदुकीतही करावा लागला. पहिली शॉटगन घ्यायच्या विचारात असलेल्यांना त्याचा उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहितेय.

आमच्या कोल्हापुरात नेमबाजी म्हटलं की रायफल नाहीतर पिस्तूल. २०१० साली तेजस्विनी सावंत म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झाली, त्याच वर्षी मी दुधाळीच्या रेंजवर एअर रायफल धरायला लागले. पुढं राही सरनोबतचं २०१८ च्या एशियाडमधलं सुवर्ण पाहिलं, २०२४ ला पॅरिसमध्ये कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेचं कांस्य पाहिलं. इथं वाढलेल्या माणसाच्या अंगात नेम एकाच पद्धतीनं भिनलेला असतो: श्वास रोखायचा, माशी (नळीच्या टोकावरची खूण) आणि टार्गेट एका रेषेत आणायचं, चाप हळूहळू दाबत न्यायचा. शॉटगन बघायला गेले तीही हेच डोकं घेऊन. नळी सरळ आहे का, माशी नीट दिसते का, चाप हलका आहे का, एवढंच बघत होते.

क्लेला यातलं काही चालत नाही. ११० मिलिमीटरची ती चकती १५ मीटर पुढच्या खंदकातून सुटते. आपल्या समोरच्या तीन मशिनांपैकी कुठलं सुटेल हे माहीत नसतं, आणि चकतीचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास असतो. माशी बघत बसलात तर नळी जागेवर थांबते आणि छर्रे क्लेच्या मागून जातात. नजर क्लेवरच ठेवायची, बंदूक तिच्यामागून आपोआप यायला हवी. शॉटगनला मागची साईट नसते, आपला डोळाच ते काम करतो. गाल दस्त्यावर रोज एकाच जागी टेकला आणि त्या जागी डोळा बरोबर नळीवरच्या पट्टीच्या मध्यावर आला, तर बंदूक बघाल तिकडे मारते. नाही आला तर कितीही नावाजलेल्या बनावटीची बंदूक असो, ती दुसरीकडेच मारणार. म्हणून कपडे घेताना माप बघतो तसं बंदुकीचं माप आधी बघायचं. हे मला दोन महिने उशिरा कळलं.

पहिला मोह घरातलाच होता. सासऱ्यांकडे भुदरगडात पिकाच्या राखणीसाठी त्यांच्या वडिलांच्या वेळची बारा बोरची, दोन नळ्यांची डबल बार आहे. आबांचं म्हणणं सरळ होतं, “घरात बंदूक असताना दुसरी कशाला गं? हिच्या आवाजानं डुकरं पळत्यात, मग तुझ्या त्या बशा फुटायच्या न्हाईत व्हय?” परवाना आबांच्या नावावर, त्यामुळे मी ती रेंजवर नेण्याचा प्रश्नच नव्हता. पण वारसानं नावावर होणारच असेल तर तीच का नको, म्हणून आबांसोबत ती बंदुका दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींना दाखवली. त्यांनी गेज घालून चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, मोजलं तर ते ६५ मिलिमीटरचं निघालं.

याबद्दल थोडं थांबून सांगते, कारण गावोगावी अशा जुन्या बंदुका आहेत. आज मिळणारं बारा बोरचं काडतूस बहुतेक ७० मिलिमीटरचं असतं, आणि हे माप बार उडाल्यावर तोंड पूर्ण उघडलेल्या नळकांडीचं असतं. न उडवलेलं काडतूस तोंड दुमडल्यामुळे आखूड दिसतं आणि ६५ च्या चेंबरमध्ये विनातक्रार बसतं. बार उडताना मात्र दुमड उघडायला पुढं जागा नसते, तोंड आवळलं जातं आणि आतला दाब नको तेवढा वाढतो. काडतूस बसलं म्हणजे ते चालतं, असं नाही. आबांनी त्या दिवसापासून ती डबल बार कपाटात ठेवली आहे.

दुसरा मोह दुकानातला. एका विक्रेत्यानं पंप अॅक्शन (नळीखालची मूठ मागंपुढं ओढून पुढचं काडतूस चढवायची बंदूक) घ्या म्हणून फार आग्रह केला, वर बाई आहात तर घरच्या संरक्षणालाही होईल असं सांगितलं. मी क्लेचं विचारत होते, तो चोराचं सांगत होता. ट्रॅपला दुसरा बार अर्ध्या सेकंदात लागतो आणि पंप मागंपुढं करताना गाल उठतो. शिवाय रेंजवर बंदूक उघडी दिसणं फार महत्त्वाचं. ओव्हर-अंडर, म्हणजे एकावर एक दोन नळ्यांची बंदूक, मधून उघडून हातावर टाकली की पन्नास फुटांवरच्या माणसालाही ती रिकामी आहे हे दिसतं. पंपचं तसं नाही.

शेवटी घेतली ती रशियन बनावटीची जुनी ओव्हर-अंडर, एका परवानाधारकाकडून, रीतसर कळवून आणि नोंदी करून. आपल्याकडे साध्या परवानाधारकाला परदेशातून नवी बंदूक मागवता येत नाही, ती सवलत नावाजलेल्या नेमबाजांना आहे. त्यामुळे परदेशी ओव्हर-अंडर हवी असेल तर ती वापरलेलीच मिळते. २८ इंची नळ्या, एकच चाप, वजन ३.४ किलो. चोक (नळीच्या तोंडाची आवळण, छर्रे किती पसरतील ते तीच ठरवते) कायमचे आहेत, खालच्या नळीला मॉडिफाईड आणि वरच्या नळीला फुल. फुल चोक म्हणजे ४० यार्डांवर ३० इंची वर्तुळात साधारण ७० टक्के छर्रे, मॉडिफाईडला ६० च्या आसपास. ट्रॅपला जोडी उत्तम आहे. स्कीट या क्लेच्याच दुसऱ्या प्रकारात क्ले वीसेक मीटरवरून जाते, तिथं हा पसारा फार आवळ पडतो, म्हणून स्कीटचा नाद मी सध्या सोडला. दोन्ही करायचं असेल त्यांनी चोक बदलता येणारीच शोधावी.

परवान्याचं थोडक्यात: वय २१ पूर्ण हवं, अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयाकडे, पोलीस पडताळणी होते, परवाना पाच वर्षांचा. वेळ लागतो. तो वेळ दुसऱ्यांच्या बंदुका रेंजवर नीट बघण्यात घालवा. निवडणुकीच्या आचारसंहितेत शस्त्र जमा करण्याची नोटीस येऊ शकते, म्हणून राष्ट्रीय संघटनेचं सभासदत्व आणि स्पर्धांचे कागद फाईलला लावून ठेवले आहेत.

आता वापराचं. पहिल्या दोन महिन्यांत उजव्या दंडावर हिरवंनिळं पडायचं. खांद्याच्या खोबणीत बसायला हवा तो दस्ता माझ्या दंडावर बसत होता, कारण तो लांब होता. चापापासून दस्त्याच्या मागच्या टोकाच्या मध्यापर्यंत १४.५ इंच. माझी उंची पाच फूट दोन इंच. बंदूक वर घेताना टोक काखेत कुर्त्याला अडकायचं, मी मान पुढं ताणायचे आणि गाल रोज वेगळ्या जागी पडायचा. मिस्त्रींनी एकदम कापलं नाही. आधी मला चार वेळा डोळे मिटून बंदूक खांद्याला लावायला सांगितली, मग रबरी पॅडची जाडी धरून पाऊण इंच काढला. लाकूड कापलं की परत जोडता येत नाही, म्हणून मोजणारा माणूस घाईचा नको.

दंड बरा झाला, क्ले तरी फुटेनात. तेव्हा रेंजवरच्या एका जुन्या नेमबाज काकांनी फळीवर वर्तमानपत्राची दोन पानं चिकटवली, मध्ये शाईनं अंगठ्याएवढा ठिपका काढला आणि १५ मीटरवरून पाच बार टाकायला लावले. बंदूक वर घ्यायची आणि उडवायची, नेम धरायचा नाही. कागद जवळ जाऊन बघितला. ठिपका कोराच, आणि चाळण झालेली जागा त्याच्या डावीकडे वीतभर आणि चार बोटं खाली. काका म्हणाले, “पोरी, तुझा डावा डोळा मालक आहे.” हात लांब करून अंगठा लांबच्या दिव्याच्या खांबावर धरायला लावला, एकेक डोळा मिटायला लावला. उजवा उघडा असताना अंगठा खांबावरून सरकला, डावा उघडा असताना तिथंच राहिला. एअर रायफलला डाव्या डोळ्यावर पट्टी असायची, म्हणून इतकी वर्षं कळलंच नाही. शॉटगन दोन्ही डोळे उघडे ठेवून मारायची असते आणि माझा डावा डोळा नळीला आपल्याकडे ओढून घेत होता. इलाज साधा निघाला: चष्म्याच्या डाव्या काचेवर, बंदूक लावल्यावर माशी दिसते तेवढ्याच जागी, धुरकट टेपचा रुपयाएवढा तुकडा. बंदूक घ्यायच्या आधी प्रत्येकानं ही अंगठ्याची परीक्षा करावी. तुम्ही लहान वयात सुरू करत असाल तर सरळ डाव्या खांद्यावरून शिका.

राहिलं खाली जाणं. दस्ता गालाजवळ सखल, त्यामुळे डोळा पट्टीच्या खाली जात होता. गाल उंच करणारं तयार पॅड मिळेना. शेवटी चप्पल लाईनमधल्या आमच्या नेहमीच्या कारागिराकडे गेले. बंदूक अर्थातच नेली नाही, पुठ्ठ्यावर दस्त्याचं माप काढून नेलं. त्यांनी कोल्हापुरीच्या तळव्याचं कातडं तासून, वेणी घालतात त्याच वादीनं खालून आवळता येईल असं पॅड शिवून दिलं. आत सुटे थर सरकवायला खण ठेवला. एक थर ३ मिलिमीटरचा, आणि १५ मीटरवर छर्र्यांची छाप त्यानं पाच सेंटिमीटर वर चढते. दोन थरांत काम झालं. ट्रॅपची क्ले चढत जाते, म्हणून छाप ठिपक्यापेक्षा किंचित वरच हवी.

वजनाबद्दल आधी भीती होती, आता तेच आवडतं. २४ ग्रॅम भरतीचं साडेसात नंबरचं काडतूस या बंदुकीत मऊ लागतं. शेताच्या राखणीला घेतात त्या एलजी-एसजीच्या (मोठ्या छर्र्यांच्या काडतुसांच्या) वाटेला क्लेसाठी जायचंच नाही, रेंजवर त्याला परवानगीही नसते. काडतुसांचा खर्च मात्र धरूनच चाला, आठ महिन्यांत तो बंदुकीच्या किमतीकडे निघालाय. परवान्यावरचा कोटा दोन-तीन राउंडांत संपतो, सराव चालतो तो रेंजवर घेऊन रेंजवरच उडवायच्या काडतुसांवर. महिन्यातून एका शनिवारी पहाटे हायवेला लागायचं, पेठनाक्याला चहा, दुपारच्या आत चार राउंड आणि रात्री घरी.

आणि पाऊस. जूनच्या शेवटी एकदा दमून आल्यावर बंदूक तशीच कातड्याच्या म्यानात ठेवली. चौथ्या दिवशी काढली तर नळीच्या सांध्याजवळ तांबूस ठिपके आणि गालाच्या पॅडवर पांढरी बुरशी. कातडं ओल धरून ठेवतं हे चपला घालणाऱ्या गावात मला माहीत असायला हवं होतं. ठिपके तेल आणि बारीक स्टील वूलनं हलक्या हातानं निघाले. आता पावसाळ्यात म्यान बंद, पॅड वेगळं टांगलेलं, नळ्या घरी आल्या आल्या पुसून तेलाचा हात, बिजागरीला ग्रीसचा ठिपका, कपाटात सिलिका जेलची पुडी आणि आठवड्यातून एकदा उघडून बघणं.

गेल्या शनिवारी रेंजवर उघडीप मिळाली तेव्हा नवं पान लावून पुन्हा पाच बार टाकले. चाळण ठिपक्यावर बसली होती, दोन बोटं वर. पान घडी करून आबांना दाखवायला आणलं. त्यांनी चष्मा लावला, भोकांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, “डाव्या डोळ्याचं माझंबी बघ की जरा.”