सोलापूरच्या नवी पेठेत परत मिळाला तो ‘खट्’

आप्पांचा याशिका इलेक्ट्रो ३५ जीएसएन दुरुस्त होऊन महिना झाला. कॅमेरा हातात आला त्याच दिवशी लिहायला बसणार होते, पण म्हटलं, आधी एक अख्खा रोल काढू, धुऊन येऊ दे, मग बोलू. रोल परवा आला. ३६ पैकी ३४ फोटो चोख. दोन हलले, ते माझ्या हातानं.

हा कॅमेरा १९७९ साली मामांनी कुवेतहून आणला होता. माझं बारसं, शाळेतली गॅदरिंग, आजीचं शेवटचं आजारपण, सगळं याच्यातूनच निघालेलं. मग वीस-बावीस वर्षं कपाटात पडून राहिला. गेल्या संक्रांतीला मी हौसेनं बाहेर काढला, सेल घातले, सेल तपासायचं मागचं बटण दाबलं तर हिरवा दिवा लागला. तेवढ्यावर विश्वास ठेवून गड्ड्याला, म्हणजे आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेला गेले. संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा, सात नंदीध्वजांच्या उंच काठ्या, भर दुपारचं ऊन आणि पांढऱ्या बाराबंदीतली माणसं. रोल धुऊन आला तेव्हा निगेटिव्ह नुसत्या काळ्या. इतका उजेड आत गेला होता की माणूस कुठला आणि काठी कुठली, काही कळेना. मला फार वाईट वाटलं. गड्डा काय, पुढच्या वर्षीच!

आधी पुण्यात एका दुकानात दिला. दोन महिने ठेवून घेतला आणि ‘आतला सर्किट बोर्ड गेलाय, पार्ट मिळत नाहीत, शोपीस म्हणून ठेवा’ असं सांगून परत दिला. वरचं कव्हर उघडलंसुद्धा नव्हतं. हे मला नंतर कळलं, कारण वाइंडिंगच्या लिव्हरखालची चाळीस वर्षांची धूळ जागची हललेली नव्हती.

मग नवी पेठेतल्या, कॅमेरा दुरुस्त करणाऱ्या काकांचा पत्ता आमच्या गल्लीतल्या लग्नाचे फोटो काढणाऱ्यानं दिला. पाटीवर फक्त ‘घड्याळ व कॅमेरा दुरुस्ती’ एवढंच. अरुंद जिन्यानं वर जायचं, एक टेबल, एक दिवा, डोळ्याला लावायचं भिंग. काका मूळचे विणकर घरातले, घरात तेलुगू. वडिलांच्या मागावर बसायचे ते लहानपणीच घड्याळांकडे वळले.

त्यांनी कॅमेरा घेतला आणि काही न विचारता कानाशी धरून लिव्हर ओढली. एकदा, दोनदा. मग माझ्या कानाशी धरला.

‘काय ऐकू आलं का ताई?’

‘नाही.’

‘तेच की वो. शेवटी खट् व्हायला पाहिजे. पॅड गेलंय.’

मग सेल काढून शटर दाबलं. सेल नसला की या कॅमेऱ्याचं शटर आपोआप १/५०० सेकंदावर उडतं, तसं ते उडालं. म्हणजे शटरची पाती मोकळी आहेत, तेल साचलेलं नाही. बोर्डावर एवढ्यात आळ घेऊ नका, म्हणाले. या कॅमेऱ्यात अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक किती उघडायचं ते आपण ठरवायचं आणि शटर किती वेळ उघडं ठेवायचं ते कॅमेरा ठरवतो. आत एका दांडीखाली रबराचा एक चिमुकला तुकडा असतो, तेच ते पॅड. तो वर्षांनुवर्षांत कुजून चिकट होतो, गळून पडतो. मग लिव्हर ओढली तरी दांडी पुरती सरकत नाही आणि सर्किटला नवा फोटो सुरू झाल्याचा निरोपच पोचत नाही. शटर आपलं उघडं राहतं. माझा सगळा गड्डा त्या कुजलेल्या रबरानं खाल्ला होता.

बारा दिवस लागले. रबर नवं बसवलं. मागच्या दाराच्या खाचांतला फोम डांबरासारखा झाला होता, तो काडीनं आणि स्पिरिटनं खरवडून काढून तिथं काळी लोकर भरली, बिजागरीकडे मखमलीची पट्टी. उजेडाचा ठिपका आत येत नाही. लोकर निवडताना त्यांनी तीन धागे बोटांत फिरवून पाहिले, जाड कुठला, पीळ कुठला, आणि मधला घेतला. विणकराच्या घरातली बोटं ती! मूळचा ५.६ व्होल्टचा पाऱ्याचा सेल आता मिळत नाही, म्हणून सहा व्होल्टचा छोटा सेल घालून उरलेल्या जागेत पितळेची स्प्रिंग बसवून दिली.

रेंजफाइंडर, म्हणजे दोन प्रतिमा एकावर एक आणून फोकस जुळवायची सोय, मात्र त्यांनी माझ्यासमोरच जुळवला. संध्याकाळी पाच वाजता गच्चीवर गेलो. लेन्स अनंतावर, म्हणजे सगळ्यात लांबच्या फोकसवर ठेवली आणि लांबच्या मोबाइल टॉवरवर धरून मला बघायला लावलं. मधल्या पिवळ्या चौकोनात टॉवर दोन दिसत होते, एक खरा आणि त्याच्या उजवीकडं पुसटसा दुसरा. त्यांनी बारीक पेचकसानं स्क्रू जेमतेम हलवला. ‘आता?’ थोडं जवळ आलं. ‘आता?’ अजून थोडं. असं सात-आठ वेळा. मग एकदम दुसरा टॉवर पहिल्यात विरघळून गेला, कडा कडेवर बसली, आणि मी नकळत ‘झालं!’ असं ओरडले. त्यावर त्यांनी स्वतः पाहिलं आणि सांगितलं की आडवं जुळलंय, उभ्यात केसभर फरक राहिलाय. तो काढायला आणखी आत जावं लागेल आणि फोकसला त्यानं काही बिघडत नाही. न विचारता हे सांगितलं, म्हणून मला त्यांचा जास्त भरवसा वाटतो.

एकूण १,८०० रुपये घेतले, सेलसकट. काम बघता मला हे कमीच वाटतं. उणं सांगायचं तर बिल देत नाहीत, फोन उचलत नाहीत, आणि पुढच्या लेदरेटची, म्हणजे चामड्यासारख्या आवरणाची एक कड नीट चिकटली नव्हती. परत नेल्यावर हसतमुखानं लावून दिली. सेल्फ-टायमर अजून अडकतो, त्याला हात लावू नका असं त्यांनीच बजावलंय. सकाळी अकरानंतर जा, दुपारी जेवायला बंद असतं.

आप्पा आता ७८ वर्षांचे आहेत आणि त्यांना ऐकू कमी येतं. कॅमेरा हातात दिला तेव्हा त्यांनी अंगठ्यानं लिव्हर ओढली, शेवटाला थांबले आणि म्हणाले, ‘लागला की.’ खट् त्यांना अंगठ्यात कळला. मग माझ्याकडे न बघता पुन्हा डोळ्याला लावून दारातल्या तुळशीवर फोकस करत बसले. रोल शिल्लक आहे का, एवढंच विचारलं.

मूळच्या चामडी केसची बटणं गंजली आहेत. या रविवारी ती घेऊन परत जिना चढणार आहे.